सफरचंदाची माशी, हॉथॉर्नची माशी: एकाच रानात दोन जाती फुटत आहेत का, हे कसं तपासाल

आपल्या आंब्यातल्या फळमाशीच्या कुळातली ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला ही अमेरिकी माशी मूळची हॉथॉर्न या जंगली फळावरची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला न्यूयॉर्कजवळच्या हडसन खोऱ्यात ती सफरचंदावर आली. वर्षाला एकच पिढी, आणि नर-मादीची गाठ फळावरच पडते. म्हणजे फळाची आवड हीच जोडीदाराची निवड.

आधी किडकी फळं गोळा करा, पण सापळ्यातल्या माश्या घेऊ नका. अमोनियाच्या आमिषावर भुकेली माशी येते. तिचा जन्म कुठल्या फळात झाला, हे त्यावरून कळत नाही. फळ झाडावरून किंवा नुकतं गळलेलं घ्या आणि प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी ठेवा. उतारावर सफरचंद घरंगळत हॉथॉर्नखाली जातं आणि तिथेच सगळा हिशेब बिघडतो.

फळं जाळीवर ठेवून खाली ट्रे लावा. अळ्या बाहेर पडून ट्रेमध्ये कोष करतात. कोष ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजात) ठेवा: कोरडं पडलं तर ते सुकतात, पाणी साचलं तर बुरशी धरते.

आता निसर्गाची निवड तपासा. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकतं, त्यामुळे त्यातल्या कोषांना हिवाळ्याआधी जास्त उबदार दिवस काढावे लागतात. ज्यांची सुप्तावस्था (वाढ थांबवून काढलेली झोप) उथळ, ते अवेळी उमलून मरतात. म्हणून हॉथॉर्नचेच कोष दोन गटांत वाटा. एका गटाला 26 अंशांवर 7 दिवस, दुसऱ्याला 32 दिवस, मग दोन्ही काही महिने 4 अंशांच्या आसपास. वाचलेल्यांची जनुकं तपासा. असा प्रयोग झाला आहे: दीर्घ उष्म्यातून वाचलेल्या हॉथॉर्न माश्यांची जनुकं सफरचंदाच्या वंशाकडे, म्हणजे सफरचंदावर वाढणाऱ्या माश्यांकडे, झुकलेली निघाली. इथे पुरेसे कोष नसतील, तर बाकी कष्ट वाया जातात.

पसंतीची चाचणी वेगळी घ्या. वाऱ्याच्या बोगद्यात (एका दिशेने वारा सोडलेल्या बंद नळीत) फळासारख्या लाल गोळ्याला दोन फळांच्या गंधांपैकी एक लावा आणि माशी त्याच्याकडे उडते का, ते नोंदवा. अशा चाचण्यांत माश्या परक्या फळाचा गंध टाळतानाही दिसल्या आहेत, म्हणून ‘आली नाही’ आणि ‘मागे फिरली’ यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. दोन्ही वंशांचा संकर करून तीही संतती बोगद्यात सोडा. ती बहुधा कुठल्याच गंधाकडे नीट उडत नाही, म्हणजे फळ शोधण्यातच ती मागे पडते.

निसर्गाची निवड आणि फळाची पसंती, दोन्ही मोजणं एकाच गावच्या, एकाच हंगामातल्या माश्यांवर हवं. दर पिढीला सुमारे 4 ते 6 टक्के माश्या दुसऱ्या फळावर जातात. नुसती आवड असती तर एवढ्या सरमिसळीने फरक हळूहळू पुसला गेला असता. नुसती ऋतूची निवड असती तर वाचलेल्या माश्या दर पिढीत पुन्हा एकमेकींत मिसळल्या असत्या.

कोषातून कधी माशीऐवजी छोटी गांधीलमाशी निघते. ती टाकू नका, फळ आणि तारीख लिहून जपून ठेवा: या माशीवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांतही फळानुसार वंश वेगळे होत असल्याचं आढळलं आहे.