जुना चेनसॉ घेताना: बंबाच्या सरपणापुरते यंत्र कसे पारखावे

इंदूरमधल्या ज्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात थंडीत अजूनही तांब्याचा बंब पेटतो, किंवा महूच्या बाजूला ज्यांचा शेताचा लहानसा तुकडा आहे, त्यांना दर वर्षी थोडेफार सरपण लागतेच. पावसाळ्यात मोडून पडलेली कडुलिंबाची फांदी, वाळलेला सुबाभूळ, टालवरून आणलेले बाभळीचे ओंडके हे सारे कुऱ्हाडीने तोडणे उतारवयात जड जाते, आणि वर्षातून आठ-दहा दिवसांच्या कामासाठी नवे यंत्र घेणे परवडत नाही. अशा वेळी जुना चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीने लाकूड कापणारी यांत्रिक करवत, घेण्याचा विचार योग्यच आहे. मात्र तो पुढील क्रमाने तपासून घ्यावा.

पहिल्यांदा आपले लाकूड मोजावे. घरगुती सरपणाचे बहुतेक ओंडके ६ ते १० इंच जाडीचे असतात आणि त्यांना ३० ते ४० सीसीचे इंजिन व १४ किंवा १६ इंची बार (ज्याच्या कडेने साखळी फिरते ती पट्टी) पुरेसा होतो. स्टिल कंपनीचे एमएस १८० हे यंत्र ३१.८ सीसीचे आहे, यावरून या कामाला किती शक्ती लागते याचा अंदाज येईल. बाजारात ५८ सीसीची, २२ इंची बारची जुनी यंत्रे स्वस्तात मिळतात. परंतु त्यांचे वजन आणि झटका नवख्या हाताला पेलत नाही, म्हणून ती टाळावीत असे माझे स्पष्ट मत आहे. सगळे काम अंगणातच होणार असेल, तर विजेवर चालणाऱ्या यंत्राचाही विचार करावा, कारण त्यात कार्ब्युरेटरची कटकट नसते.

दुसरी पायरी विक्रेत्याला फोन करण्याची आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ‘मी येईपर्यंत मशीन सुरू करू नका’ असे त्याला आवर्जून सांगावे. मी घेतलेले पहिले यंत्र विक्रेत्याने मी पोहोचण्यापूर्वीच तापवून ठेवले होते. माझ्यासमोर ते एका ओढीत सुरू झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पंचवीस वेळा दोरी ओढूनही त्याने दाद दिली नाही. म्हणून पोहोचल्यावर आधी सायलेन्सरवर हात ठेवून पाहावा. तो गरम लागला, तर यंत्र पूर्ण निवेपर्यंत थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी यावे.

यंत्र थंड आणि स्विच बंद असताना ते स्टार्टरच्या मुठीला धरून अधांतरी लोंबकळू द्यावे. इंजिनात दाब चांगला असेल, तर ते थबकत थबकत हळूहळू खाली येते. दाब गेलेला असेल, तर सरळ घसरत येते. सोप्या स्टार्टची स्प्रिंग किंवा दाब सोडणारी झडप असलेल्या यंत्रांना ही कसोटी लागू पडत नाही. तिथे स्पार्क प्लग काढून दाबमापक लावावा. १२० पीएसआयच्या वर आकडा आला तर समाधान मानावे, १००च्या खाली आला तर यंत्र परत ठेवावे. विक्रेत्याची हरकत नसेल, तर सायलेन्सरचे स्क्रू किंवा नट काढून आतला पिस्टनही पाहावा. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असणे अपेक्षित आहे. त्यावर उभे ओरखडे दिसले, तर पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडल्याने किंवा मिश्रण पातळ झाल्याने, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याने, इंजिन जळू लागले होते असे समजावे. अशा यंत्राची दुरुस्ती बहुधा त्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

आता ते सुरू करावे. चोक लावून चार-पाच ओढींत एकदा फटकारा येतो, मग चोक अर्धा केल्यावर दोन-तीन ओढींत इंजिन लागायला हवे. दोन मिनिटे तापू देऊन क्षणभर पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा व सोडावा. आवाज ताबडतोब खाली आला पाहिजे. तो वरच रेंगाळला, तर कुठून तरी हवा आत ओढली जात आहे, आणि हा दोष पुढे पिस्टन खातो. मंद चालीत साखळी फिरू नये. ती फिरत असेल, तर कधी कधी केवळ मंद चालीचा स्क्रू फिरवून भागते, कधी क्लचची स्प्रिंग बदलावी लागते. शेवटी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी गरम असतानाच पुन्हा सुरू करून पाहावे, कारण कमजोर इग्निशन कॉइल नेमकी अशा वेळी दगा देते.

चेन ब्रेकबाबत तडजोड नको. साखळी फिरत असताना पुढची ढाल मनगटाने पुढे ढकलताच साखळी जागीच थांबली पाहिजे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर यंत्र उसळून चेहऱ्याकडे येते, आणि त्या क्षणी हाच ब्रेक वाचवतो. मागची कळ दाबल्याशिवाय ॲक्सिलरेटर दबत नाही ना, आणि तुटलेली साखळी अडवणारा खालचा खिळा जागेवर आहे ना, हेही पाहावे.

साखळीला ऑइल मिळते का हे तपासण्यासाठी बारचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्याजवळ, त्याला न टेकवता धरून इंजिन वाढवावे. पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटली, तर पंप चालू आहे. साखळीचे दात ४ मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील किंवा स्प्रॉकेटवर (साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकावर) अर्ध्या मिलिमीटरहून खोल चरे पडले असतील, तर ते भाग बदलावे लागतील. त्यांचा, बारचा आणि कार्ब्युरेटरच्या किटचा भाव सियागंजच्या बाजारात आधीच विचारून किमतीत मिळवावा. बेरीज नव्या यंत्राच्या निम्म्याच्या वर जाऊ लागली, तर मी नवेच घेईन. ज्या यंत्राचे सुटे भाग शहरात मिळत नाहीत, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये.

घरी आणल्यावर टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते आणि कार्ब्युरेटरचे रबरी पडदे खराब करते. पेट्रोलमध्ये मिसळायच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलचे प्रमाण बहुधा लिटरला २० मिलिलिटर असते, तरी यंत्रावर लिहिलेले प्रमाणच पाळावे. बंबाच्या नळीत मावणाऱ्या बारीक काटक्या कोयत्यानेच तोडाव्यात, कारण चेनसॉ त्या हिसकावून भिरकावतो. ओंडके मात्र लाकडी घोडीवर ठेवून वीतभर लांबीचे कापावेत आणि नंतर कुऱ्हाडीने फोडावेत. अंगणातले उभे झाड तोडायचे असेल, तर मध्य प्रदेशात शहरी झाडांसाठी २००१ सालचा कायदा आहे. त्याखालील परवानगी आधी घ्यावी आणि मगच यंत्राची दोरी ओढावी.