निवांतपणा इंग्रजीत कसा सांगाल?

दिवसभर कापूस वेचून बाजेवर अंग टाकलं की जे वाटतं, ते इंग्रजीत सांगताना पोरं हमखास 'आय अ‍ॅम फीलिंग रिलॅक्सिंग' म्हणतात. इथूनच सुरुवात करू.

आधी पाहा, निवांत कोण आहे? निवांत झालेला माणूस 'रिलॅक्स्ड', आणि ज्यानं निवांत वाटतं ती गोष्ट 'रिलॅक्सिंग'. म्हणजे बंगईवरचा झोका रिलॅक्सिंग, झोका घेणारी आजी रिलॅक्स्ड. 'आय अ‍ॅम रिलॅक्सिंग' हेही बरोबर आहे, फक्त त्याचा अर्थ 'मी आराम करतोय' एवढाच.

मग आपला 'शांत' फोडा, कारण इंग्रजीत त्याची कामं वाटलेली आहेत. आवाज नसेल तर 'क्वायट'. नवतपाच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा 'द व्हिलेज इज क्वायट'. डोकं थंड असलेला माणूस, वारा पडलेली हवा, लाटा नसलेलं पाणी यांना 'काम' (calm). यातला 'एल' लिहायचा, बोलायचा नाही. त्यामुळे विसाव्याचा हा शब्द कानाला नेमका आपल्या 'काम'सारखा लागतो! जागेला, वातावरणाला 'पीसफुल'. भावाभावांत वाटणीवरून अबोला असलेलं घर क्वायट असतं, पीसफुल नसतं. हा फरक पटला की अर्धी लढाई जिंकली.

काळजी मिटली असेल तर शब्द बदला. पेरणी झाली, पावसानं ओढ दिली, दुबार पेरणीचं संकट दिसायला लागलं आणि आभाळ फुटलं. जीव भांड्यात पडला. इथे रिलॅक्स्ड फिकं पडतं. म्हणा, 'आय वॉज रिलीव्ह्ड टू सी द रेन'.

शरीराच्या विश्रांतीला 'रेस्ट' पुरे. पोळ्याला बैल जुंपत नाहीत: 'द बुलक्स रेस्ट ऑन पोळा'. दिवसभराचा ताण उतरवायला 'अनवाइंड' छान: 'आय अनवाइंड विथ अ कप ऑफ टी'. 'सेरीन', 'ट्रँक्विल' निबंधात ठेवा. चहाच्या टपरीवर नाटकी वाटतात.

दोन ठिकाणी जपून. रागावलेल्याला 'काम डाउन' म्हटलं तर तो आणखी भडकतो, त्यात समोर वडीलधारं माणूस असेल तर तो उद्धटपणाच. 'टेक युअर टाइम' बरं. आणि मामा जेवून झोपले असतील तर फोनवर 'ही इज अ‍ॅट पीस' सांगू नका. गेलेल्या माणसाबद्दल तसं बोलतात, पाहुणे रडत दारात येतील. 'ही इज रेस्टिंग' म्हणा.