कयाकवरून मासेमारी आणि खेकडे: सामान घेताना या चुका टाळा

समुद्रातले व्हिडिओ पाहून सामान मागवायचं आणि हतनूर धरणावर न्यायचं, इथेच घोळ होतो. आपल्याकडे काठाला चिखल आणि बाभळी, पाण्याखाली बुडालेली खोडं आणि डोक्यावर खान्देशातलं ऊन.

माझी पहिली कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, हवा भरायची होती. स्वस्त, डिकीत मावणारी. काठावरून ओढताना बाभळीचा काटा शिरला आणि थोडं आत गेल्यावर एक बाजू मऊ पडली. तेव्हापासून सांगतो, टणक प्लास्टिकची, वर बसायची कयाक घ्या. बसायच्या जागेतलं पाणी भोकांतून निघून जातं आणि उलटली तरी परत चढता येतं. गाडीच्या टपावर बांधताना मात्र पट्टे करकचून आवळू नका. तापलेलं प्लास्टिक दबून खळगा पडतो. पडलाच तर कयाक उन्हात तापवा आणि आतून दाबा, बहुतेक वेळा तो भरून येतो.

गळ, रीळ घेऊन उरलेल्या पैशांत लाइफ जॅकेट घेऊ नका. आधी तेच घ्या. घालून पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्यांवरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. जॅकेटची तरंगवायची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी असतं. ज्याला पोहता येत नाही त्याने किमान १०० न्यूटनचं घ्यावं. आणि ते अंगात हवं, सीटमागे नाही.

नांगर कयाकच्या बाजूला, मध्यावर बांधलात तर प्रवाहात कयाक उलटू शकते. नाकाला किंवा शेपटाला बांधा. तो खोडात अडकणारच, म्हणून दोरी कापायला सुरी हाताशी ठेवा. हतनूरच्या खालच्या तापीत पावसाळ्यात उतरूच नका. धरणाला ४१ दरवाजे आहेत, विसर्ग वाढला की पाणी झपाट्याने चढतं.

धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारा.

खेकड्यांचा समुद्री सापळा आपल्या नाल्यांत रिकामा येतो, कारण भोकं मोठी असतात. बारीक जाळीचा घ्या. आमिष मोकळं बांधलं तर खेकडे तोडून नेतात, ते जाळीच्या पिशवीत ठेवा. सापळा संध्याकाळी लावा, खेकडे रात्री बाहेर निघतात. धरलेले खेकडे पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवले तर गुदमरून मरतात; ओल्या गोणपाटात, सावलीत टिकतात. पोटाखाली अंडी किंवा पिल्लं असलेली मादी मिळाली तर तिथेच सोडा. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पिल्लं आईच्या पोटाशीच वाढतात.