हळव्या फुलझाडांची लागवड: दुपारचे ऊन पाहून ठरवू नका

हिवाळा सरत आला आणि दुपारचे ऊन जरा चटकू लागले की रोपवाटिकेतले फुललेले ट्रे मोह घालतात. दुपारी २५ अंश असले तरी पहाटे पारा शून्याजवळ उतरत असेल, तर हळवी रोपे लावायची वेळ अजून आलेली नाही.

झेंडू, झिनिया, कॉसमॉस, कोलियस, तेरडा, सदाफुली, बेगोनिया, डेलिया ही सगळी हिमदवाला हळवी झाडे. पानांतले पाणी गोठले की पेशींची आवरणे फाटतात आणि ऊन वर येईपर्यंत पाने उकडल्यासारखी काळी, लिबलिबीत होतात. पॅन्सी, कॅलेंडुला, स्वीट पी हलके हिमदव सोसतात. ती आधी लावायला हरकत नाही.

आपल्या भागात शेवटचे हिमदव साधारण कधी पडते, ते हवामानाच्या जुन्या नोंदींवरून कळते. मात्र ही तारीख बहुधा सरासरी असते, म्हणजे जवळपास निम्म्या वर्षांत त्यानंतरही हिमदव पडलेले असते. त्या तारखेपुढे दोन आठवडे थांबावे आणि मगच पुढच्या आठ-दहा रात्रींचा अंदाज बघून लागवड ठरवावी.

हा अंदाजही थोडा जपूनच वाचायला हवा. त्यातले तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचे असते. आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी जास्त गार होते. त्यामुळे अंदाज ३ अंशांचा असूनही सकाळी वाफ्यावर पांढरा थर दिसू शकतो. थंड हवा जड असल्याने उताराच्या तळाशी साचते, म्हणून बागेतल्या खोलगट कोपऱ्यात सर्वांत शेवटी लावा. दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीलगतची जागा आधी वापरता येते.

हिमदवाचा धोका टळला तरी माती गार असतेच, आणि बहुतेकांची गफलत इथे होते. सकाळी ५ ते ७ सेंटीमीटर खोलीवर मातीचे तापमान मोजा. झेंडू, झिनियासाठी ते १५ अंशांच्या वर हवे. सदाफुली आणि कोलियसचे लाड अधिक: माती १८ अंशांपुढे जाईपर्यंत आणि रात्री १० अंशांहून उबदार होईपर्यंत त्यांना हात लावू नये. गार, ओल्या मातीत रोप मरत नसले तरी खुरटते, पाने पिवळी पडतात, मुळे कुजू लागतात. दोन-तीन आठवडे उशिरा लावलेले रोप अशा रोपाला सहज गाठते. डेलियाचे कंदही माती तापल्यावरच लावा आणि कोंब वर येईपर्यंत पाणी अगदी बेताने द्या.

बी घरात पेरणार असाल, तर लागवडीच्या दिवसापासून मागे मोजा. बेगोनियाला १० ते १२ आठवडे लागतात, झेंडूला ६ ते ८. झिनियाचे बी मात्र माती तापल्यावर थेट वाफ्यात टाकलेलेच बरे, त्याला मुळे हलवलेली आवडत नाहीत. घरात वाढलेली रोपे लागवडीपूर्वी ७ ते १० दिवस काटक करून घ्या: आधी तासभर सावलीत, मग हळूहळू ऊन-वाऱ्यात, रात्री पुन्हा आत.

लागवडीनंतर अचानक गारठा आलाच, तर दुपारी माती ओलवा. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. सूर्य मावळण्याआधी काठ्यांच्या आधाराने जुनी चादर जमिनीपर्यंत टेकवून झाका, म्हणजे मातीतून निघणारी ऊब आत कोंडली जाईल. प्लॅस्टिक पानांना टेकले तर तिथेच पाने करपतात. सकाळी ऊन तापण्याआधी पांघरूण काढा.

तरीही झाडे करपली, तर लगेच कात्री चालवू नका. काही दिवसांत खालच्या पेरांवर हिरवे कोंब दिसले, तर त्यांच्या वरचा मेलेला भाग छाटा. खोड बुडापर्यंत काळे पडले असेल, तर झेंडू, झिनिया उपटून नवी रोपे लावा. डेलियाचा कंद जमिनीत शाबूत असल्यास तो पुन्हा फुटतो.