भाजपचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

ठाण्यातल्या अभ्यासिकांमध्ये राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं: 'रामभाऊ म्हाळगी १९७७ मध्ये ठाण्यातून भाजपचे खासदार झाले.' माणूस बरोबर, मतदारसंघ बरोबर, पक्ष चूक. तेव्हा भाजप नव्हताच. २१ ऑक्टोबर १९५१ ला स्थापन झालेला जनसंघ, म्हणजे भाजपचा पूर्वावतार, आणीबाणीनंतर जनता पक्षात गेला आणि त्या निवडणुकीत जनता पक्षाचे उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढले. जानेवारी १९८० ला म्हाळगी पुन्हा जिंकले, तेही जनता पक्षाकडून. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नातं ठेवायचं की जनता पक्षात राहायचं, या दुहेरी सदस्यत्वाच्या वादातून ६ एप्रिल १९८० ला भाजप जन्माला आला. म्हणून आधी वर्ष लिहा, मग पक्षाचं नाव. निम्म्या चुका तिथेच टळतात.

विचारसरणीबाबतची चूक जास्त खोल आहे. 'उजवा पक्ष, म्हणजे पहिल्यापासून मुक्त बाजारपेठवाला' असं सरसकट लिहिलं जातं. हे वर्णन राजाजींच्या १९५९ च्या स्वतंत्र पक्षाला शोभतं, जनसंघाला नाही. जनसंघाचे नेते दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानववाद मांडला. त्यात भांडवलशाहीही नाकारली आहे आणि साम्यवादही. पुढे १९८० ला भाजपने 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला, तो विजयाराजे शिंदे यांच्यासारख्या नेत्यांना पटला नव्हता. खासगीकरणाचा जोर दिसतो तो वाजपेयी सरकारच्या काळात. १९९९ ला निर्गुंतवणुकीसाठी, म्हणजे सरकारी कंपन्यांतला सरकारचा हिस्सा विकण्यासाठी, स्वतंत्र विभाग निघाला, आणि त्या धोरणाला विरोध करणाऱ्यांत संघ परिवारातलेच भारतीय मजदूर संघ आणि स्वदेशी जागरण मंच होते. ही ओढाताण उत्तरात आलीच पाहिजे. 'मध्य-उजवा' एवढा शिक्का मारून पुढे गेलात, तर सांस्कृतिक राष्ट्रवाद आणि आर्थिक धोरण या दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते.

राममंदिराचंही तसंच. ती मागणी पक्षाच्या अधिकृत ठरावात आली जून १९८९ ला, पालमपूरला. १९८४ ला लोकसभेत दोन जागा होत्या, १९८९ ला ८५ झाल्या. पण या वाढीचं सगळं श्रेय एकट्या मंदिराला देऊ नका. बोफोर्स तोफांच्या खरेदीतल्या लाचेच्या आरोपांवरून पेटलेला काँग्रेसविरोध आणि जनता दलाशी झालेलं जागावाटपही त्यामागे होतं.

राहिली शिवसेनेशी युती. १९८४ ला शिवसेनेचे मनोहर जोशी मुंबईत भाजपच्या कमळ चिन्हावर लढले खरे, पण रीतसर युती १९८९ ची. ठाण्यात त्या वर्षी आणि १९९१ ला भाजपचे राम कापसे निवडून आले. १९९६ ला ही जागा शिवसेनेकडे गेली आणि प्रकाश परांजपे खासदार झाले. त्यामुळे 'ठाणे लोकसभा कायम शिवसेनेची' हेही खोडून टाका.