सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल कसं निवडावं आणि कसं सांभाळावं

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची एक गोष्ट नीट समजली, तर निवड, वापर, साफसफाई, साठवण हे सगळं तिच्यावरूनच उलगडत जातं. ती गोष्ट म्हणजे, हे हत्यार स्वतःला स्वतःच भरून घेतं.

चाप ओढला की फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, बार पेटवणाऱ्या प्रायमरवर आदळते आणि बार उडतो. गोळी नळीतून पुढे जाते आणि त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते. मागे जाताना एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेतून, ओढून काढतो आणि इजेक्टर तिला बाहेर फेकतो. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि पुढे येता येता स्लाइड मॅगझिनमधलं (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीतलं) सगळ्यात वरचं काडतूस चेंबरमध्ये लोटते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पुढच्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो, म्हणून हे 'सेमी'.

म्हणजे गोळी सुटली की मॅगझिन संपेपर्यंत चेंबर दर वेळी पुन्हा भरलेलंच असतं आणि बाहेरून ते दिसत नाही. ही सोय आहे आणि धोकाही आहे.

आधी कायदा, मग हेतू

पिस्तूल आवडायच्या आधी तुम्ही राहता तिथला शस्त्र कायदा वाचा. परवाना कोणाला मिळतो, कोणती कॅलिबर (नळीची आणि काडतुसाची मापं) चालतात, मॅगझिनमध्ये किती काडतुसं ठेवता येतात, घरात हत्यार कसं ठेवायचं, एका जागेहून दुसरीकडे कसं न्यायचं, हे देशोदेशी वेगळं आहे. काही देशांत सैन्य वापरतं ती कॅलिबर सामान्य नागरिकाला मिळतच नाहीत. मनात एक पिस्तूल ठरवून मग परवान्याच्या मागे लागलेली माणसं हिरमुसतात आणि नको त्या वाटा शोधायला लागतात.

मग हेतू ठरवा. नेमबाजीच्या सरावासाठी हवं असेल तर लांब नळीचं, जड, हलक्या चापाचं पिस्तूल बरं. घरात रक्षणासाठी ठेवायचं असेल तर पूर्ण आकाराचं आणि विश्वासाचं हवं. अंगावर बाळगायचं असेल तर आकार लहान करावा लागतो आणि त्या लहानपणाची किंमत हाताला मोजावी लागते. त्याबद्दल पुढे लिहितो.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती सांगायला लोक संकोचतात. घरात कुणी मनाने खचलेलं असेल, जगण्याला कंटाळल्याची भाषा करत असेल, कुणाला दारूचं व्यसन असेल, घरात हाणामाऱ्या होत असतील, तर पिस्तूल घरात आणू नका. आधीपासून असेल तर कायद्याने परवानगी असलेल्या ठिकाणी बाहेर ठेवायला द्या. वाईट क्षण बरेचदा टळून जातो. हाताशी हत्यार असलं तर मात्र तो टळायला वेळच मिळत नाही.

विकत घेण्याआधी शिका

प्रशिक्षक असलेल्या नेमबाजीच्या रेंजवर जा आणि शक्य असेल तर .२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसाच्या पिस्तुलाने सुरुवात करा. हे काडतूस १८८० च्या दशकापासून वापरात आहे. त्याचा आवाज कमी आणि धक्का जवळजवळ नाहीच. मोठ्या कॅलिबरने सुरुवात केलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते: धक्का येणार म्हणून तो बार उडायच्या आधीच मनगट खाली दाबतो आणि डोळे मिटतो. ही खोड मोडायला पुढे फार कष्ट पडतात.

हाताला विचारा

निवडीत सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पिस्तुलाची ख्याती, कुठल्या पोलीस दलाने ते घेतलं, मित्राने काय सांगितलं, हे सगळं बाजूला ठेवा.

पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून ते सुरक्षित दिशेला धरून हातात घ्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी वर बसवा. आता वरून पाहा: नळी आणि तुमचा कोपरापासूनचा हात एका रेषेत आहेत का? चापापर्यंत पोचायला पंजा फिरवावा लागत असेल तर मूठ तुमच्यासाठी मोठी आहे. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज टेकायला हवं. बोट त्याहून आत जात असेल तर मूठ लहान आहे. कित्येक पिस्तुलांना मुठीच्या मागच्या पट्ट्या बदलता येतात, त्या लावून बघा. मॅगझिन सोडायच्या बटणापर्यंत अंगठा पोचतो का? डावखुरे असाल तर ते बटण दुसऱ्या बाजूला बसवता येतं का, हेही विचारा.

मग स्लाइड ओढून बघा. ती दोन बोटांच्या चिमटीत धरू नका. चारही बोटं वरून टाकून पकडा आणि तो हात स्थिर ठेवून पिस्तूल धरलेला हात पुढे ढकला. ताकद कमी असलेल्यांनाही असं जमतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. हात नाजूक आहे, मनगटात जोर नाही, तर लहानसं पिस्तूल द्या, असं सर्रास सुचवलं जातं. लहान पिस्तूल वजनाला हलकं म्हणून गोळीचा धक्का हाताला जास्त देतं. शिवाय पुष्कळशी छोटी पिस्तुलं साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. त्यांत चेंबरचं तोंड धरून ठेवायला फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग असते, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. मोठ्या पिस्तुलांत बहुधा अमेरिकी हत्यार-रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी बसवलेली पद्धत असते: नळी आणि स्लाइड थोडं अंतर एकमेकींत अडकून मागे येतात, मग नळीचा मागचा भाग खाली झुकतो आणि स्लाइड सुटते. तिथे स्प्रिंग त्या मानाने मऊ चालते. म्हणून कमी ताकदीच्या माणसाला मध्यम किंवा पूर्ण आकाराचं ९ मिमी पिस्तूल ओढायला सोपं जातं आणि खिशात मावणारं .३८० कॅलिबरचं जड जातं, असं अनेकदा घडतं. स्वतः ओढून बघितल्याशिवाय यावर कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही.

कॅलिबर

९×१९ मिमी, म्हणजे ऑस्ट्रियन रचनाकार जॉर्ज लूगर यांचं १९०२ च्या सुमाराचं पॅराबेलम काडतूस, आज जगात सगळीकडे मिळतं. कायदा परवानगी देत असेल तर माझा कल त्याकडेच. धक्का आवाक्यात राहतो, सरावाची काडतुसं सहज मिळतात आणि पिस्तुलांची निवडही भरपूर. .४५ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल) जाड आणि संथ, पण त्याच आकाराच्या मुठीत काडतुसं कमी बसतात. .३२ एसीपी आणि .३८० एसीपी सौम्य आहेत. पहिल्याला ७.६५ मिमी ब्राउनिंग म्हणतात आणि दुसऱ्याला ९×१७. वेगळी नावं पाहून ती वेगळी काडतुसं समजू नका आणि '९ मिमी' एवढंच वाचून ९×१७, ९×१८ आणि ९×१९ एक समजू नका. नळीवर किंवा स्लाइडवर जे कोरलेलं आहे, नेमकं तेच काडतूस घाला.

चाप कसा चालतो

सिंगल ॲक्शनमध्ये चापाचं काम फक्त ताणलेला घोडा, म्हणजे फायरिंग पिनवर आपटणारी मागची हातोडी, सोडायचं. १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने घेतलेलं कोल्टचं पिस्तूल असंच आहे. चाप हलका आणि सुरेख असतो, पण घोडा ताणून सेफ्टी (बार अडवणारी कळ) लावून बाळगायची शिस्त अंगी मुरावी लागते. डबल-सिंगलमध्ये पहिला ओढा लांब आणि जड असतो, पुढचे हलके. १९२९ चं वॉल्थर पीपी, बेरेटा ९२ या जातीची. दोन वेगळ्या ओढींचा सराव लागतो. अशा पिस्तुलात घोडा सुरक्षितपणे खाली आणणारा डीकॉकर असलेला बरा. भरलेल्या चेंबरवर घोडा अंगठ्याने खाली सोडायची वेळ कुणावर येऊ नये.

तिसरी जात स्ट्रायकरची, म्हणजे आतल्या स्प्रिंगने थेट पुढे जाणाऱ्या पिनेची. तिला बाहेर घोडा नसतो आणि प्रत्येक ओढा सारखा असतो. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये घेतलेल्या ग्लॉक १७ नंतर ही पद्धत जगभर पसरली. शिकायला सोपी म्हणून नवख्याला मी हीच सुचवतो, पण एका अटीवर. यांपैकी बऱ्याच पिस्तुलांना अंगठ्याची सेफ्टी नसते. आतल्या सेफ्टी चाप ओढला की सुटतात, मग तो बोटाने ओढला गेलेला असो की शर्टाच्या टोकाने. चाप पूर्ण झाकणारं, कडक आणि त्याच मॉडेलचं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) नसेल तर असं पिस्तूल अंगावर बाळगू नका. होल्स्टरमध्ये घालताना घाई नको, आत बघून घाला.

जुनं पिस्तूल घेत असाल तर जाणकार आर्मरर (हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा) सोबत न्या. क्रमांक खाडाखोड न केलेला हवा, नळीत कुठे फुगवटा किंवा गंजाचे खड्डे नकोत, मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले नकोत. नवं असो वा जुनं, दोनतीनशे काडतुसं न अडकता चालल्याशिवाय रक्षणासाठी त्यावर विसंबू नका.

रिकामं करायचा क्रम

हा भाग हळू वाचा.

नळी सुरक्षित दिशेला. बोट चापापासून दूर, वर फ्रेमला टेकलेलं. आधी मॅगझिन बाहेर काढा. मग स्लाइड जोरात मागे ओढा, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडू द्या. दोनतीनदा ओढा. स्लाइड मागे अडकवा. चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, मग बोटाचं टोक घालून चाचपा. मॅगझिनची जागाही पाहा.

क्रम उलटा झाला तर काय होतं? स्लाइड आधी ओढली तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं पुढचं आत जातं. मग मॅगझिन काढलं की हातात काडतूस आहे, हातात मॅगझिन आहे, मन म्हणतं 'रिकामं झालं' आणि चेंबरमध्ये जिवंत काडतूस तसंच असतं. 'रिकाम्या' पिस्तुलातून सुटलेल्या कितीतरी गोळ्यांमागे ही एवढीच उलटापालट असते. मॅगझिन नसताना चाप न चालणारी पिस्तुलं आहेत, पण ती मोजकी. त्यावर जीव टांगू नका.

अमेरिकी नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी मांडलेले चार नियम जगभर शिकवले जातात. प्रत्येक हत्यार भरलेलं आहे असं धरून वागा. जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी रोखू नका. नेम लागेपर्यंत बोट चापावर नको. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, ते ओळखा. यातला एखादा चुकून मोडला तरी बाकीचे माणूस वाचवतात.

रेंजवर

पिस्तुलाचा आवाज बहुधा १५० डेसिबलच्या वर जातो आणि १४० च्या पुढे एकाच आवाजाने कानाला कायमची इजा होऊ शकते. बंद रेंजवर कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही लावा. चष्मा हवाच, कारण गरम पुंगळ्या उडतात.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, मग रिकामं करा. काही वेळा बार उशिरा उडतो. आणि नेहमीपेक्षा मऊ, 'फुस्स' असा आवाज आला, धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुटते. रिकामं करून, खोलून, नळीतून आरपार दिसल्याशिवाय पुढची गोळी नाही.

साफसफाई आणि साठवण

साफ करायला बसताना काडतुसं त्या खोलीत नकोत. काही पिस्तुलं खोलण्यासाठीच चाप ओढावा लागतो, म्हणून वरचा क्रम पुन्हा करा. सॉल्व्हंट लावून ब्राँझचा ब्रश शक्यतो चेंबरच्या बाजूने घाला, चिंध्या कोऱ्या निघेपर्यंत फिरवा, मग स्लाइडच्या खाचांना तेलाचे थेंब. जास्त तेल धूळ आणि काजळी धरून ठेवतं. हातावर शिसं असतं, म्हणून जेवणाआधी साबणाने हात धुवा.

पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पोलादावर गंज चढतो. कुलूपबंद पेटी, आत सिलिका जेल, काडतुसं वेगळ्या कुलपात. उशीखाली, कपड्यांच्या घडीत किंवा उंच फळीवर ठेवलेलं पिस्तूल मुलांना सापडतं. घरातल्या मुलांना लपवलेल्या जागा माहीत नसतात, असं समजणाऱ्या आईबापांना आपलं बालपण आठवायला सांगतो.

रोज तेच काडतूस काढून पुन्हा चेंबरमध्ये भरत असाल, तर गोळी पुंगळीत आत दाबली जाते आणि बार उडताना आतला दाब वाढतो. शेजारी नवं काडतूस धरून उंची पडताळा. आखूड दिसलं तर बाजूला काढा.

आणि परवान्याची कागदं कुठे आहेत, तुम्ही अचानक गेलात तर पेटी कुणी उघडायची, पिस्तूल कुठे जमा करायचं, हे घरातल्या एका समजूतदार माणसाला लिहून द्या. त्याला रिकामं करायचा क्रम येत नसेल, तर पेटीला हात न लावता पोलिसांना बोलवायचं, एवढं त्यात सगळ्यात वर लिहा.