रास्पबेरी पायचं कार्ड सारखं करप्ट होतंय? या चुका टाळा

पंपघरात, सोसायटीच्या टाकीवर किंवा दुकानातल्या डिस्प्लेमागे लावलेला रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा छोटा संगणक) एके दिवशी सुरूच होत नाही. लाल दिवा लागतो, हिरवा हूं की चूं करत नाही. त्याची सगळी सिस्टिम ज्यात असते ते मायक्रो एसडी मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं की फॉरमॅट करू का, असा प्रश्न येतो. मग बहुतेक जण कार्डाच्या कंपनीला शिव्या घालतात, आणखी महागाचं कार्ड आणतात आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तिथेच येतात. माझं मत स्पष्ट आहे: कार्ड बदलण्याआधी वीजपुरवठा तपासा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरात पडलेला मोबाइलचा चार्जर आणि सोबत कुठलीतरी लांब, बारीक केबल. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ व्होल्ट, ५ अँपिअर. चार्जरवर ३३ वॅट छापलेलं असलं तरी ते बहुधा जास्त व्होल्टेजवरचं असतं. ५ व्होल्टवर तो किती अँपिअर देतो ते बारीक अक्षरात वाचा. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टखाली गेला की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं, पण पंपघरात स्क्रीन असतोच कुठे? त्यासाठी ‘व्हीसीजेनकमांड’ची ‘गेट थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा आहे. पाय सुरू झाल्यापासून एकदा जरी व्होल्टेज पडलं असेल तरी ती नोंद तिथे राहते. म्हणून रीस्टार्ट करून लगेच बघू नका. त्याच लाइनवरची मोटर दोन-चार वेळा चालू-बंद होऊ द्या आणि मग बघा. उत्तर शून्य नसेल आणि ती नोंद गरम होण्याची नव्हे, व्होल्टेजची असेल, तर आधी अडॅप्टर आणि केबल बदला.

दुसरी चूक सरळ प्लग उपटण्याची. कार्डात फ्लॅश मेमरीसोबत एक छोटा कंट्रोलरही असतो. फ्लॅशवर जुन्या मजकुरावरच नवा लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. त्यामुळे कंट्रोलर डेटा सतत इकडून तिकडे हलवतो आणि कुठे काय ठेवलं त्याचा नकाशा सांभाळतो. नेमकी त्याच वेळी लाईट गेली तर नकाशाच अर्धवट राहतो आणि महिनोन्‌महिने हात न लावलेल्या फाइलीही गायब होतात. ‘पण पायच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमला जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) आहे ना?’ आहे, पण ते फाइल सिस्टिमचा ढाचा सांभाळतं. कार्डाच्या पोटातला नकाशा त्याच्या हातात नाही. शिवाय लिनक्स लिहायचा डेटा ३० सेकंदांपर्यंत रॅममध्येच धरून ठेवू शकतो. शटडाउनसाठी बोर्डावरच्या मोजून पाचव्या आणि सहाव्या पिनमध्ये (जीपीआयओ ५, ६ नव्हे) एक बटण जोडा आणि config.txt मध्ये dtoverlay=gpio-shutdown ही ओळ घाला. पॉवर बँकेला यूपीएस समजणाऱ्यांनी एकदा भिंतीवरचं बटण बंद करून बघावं. बऱ्याच पॉवर बँका इनपुट बदलताना क्षणभर आउटपुट तोडतात.

खात्रीचा उपाय म्हणजे मूळ सिस्टिम रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल अशी, करणं. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या साधनात परफॉर्मन्स ऑप्शन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिम आहे, ती चालू करा. मग सगळं लिहिणं रॅममध्ये होतं आणि कार्डाला धक्का लागत नाही. सेन्सरच्या नोंदी पेन ड्राइव्हवर ठेवा किंवा सर्व्हरला पाठवा. ओव्हरले चालू आहे हे विसरून अपडेट मारलं, तर रीस्टार्टनंतर ते गेलेलं असतं. मग ‘अपडेट होतच नाही’ म्हणून डोकं धरून बसायची वेळ येते.

ओव्हरले नको असेल तर निदान लिहिणं कमी करा. स्वॅप (रॅम कमी पडली की कार्ड वापरणं) बंद, सिस्टिमच्या नोंदी ठेवणाऱ्या जर्नल-डीचं स्टोरेज व्होलाटाइल (म्हणजे रॅममध्ये), एफस्टॅब या फाइलमध्ये नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ लिहू नको). दर सेकंदाला एक ओळ लिहिण्यापेक्षा पाच-दहा मिनिटांच्या नोंदी एकदम लिहा. लाईट गेली तर तेवढ्याच जातील, एवढी तयारी ठेवा. सेटिंगची फाइल कधीच जागच्या जागी लिहू नका, नाहीतर एक दिवस ती शून्य बाइटची सापडेल. नवी फाइल लिहा, एफसिंक करा (म्हणजे ती खरोखर कार्डावर उतरेल) आणि मगच तिला जुन्या फाइलचं नाव द्या.

ईएसपी३२ (छोटा वाय-फाय मायक्रोकंट्रोलर) वाल्यांच्या कार्डावरच्या फॅट३२ फाइल सिस्टिमला तर जर्नलही नाही, तिथे ठरावीक वेळाने फ्लश करायलाच (साठलेला डेटा कार्डावर उतरवायलाच) हवं.

कार्ड घेताना ए१, ए२ बघून टिकाऊपणा ठरवू नका, ते वेगाचे शिक्के आहेत. ‘हाय एन्ड्युरन्स’ (सतत लिहिण्यासाठी बनवलेलं) घ्या, आणि वापरण्याआधी एफथ्री या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून, वाचून तपासा. बनावट कार्ड छापील क्षमतेच्या आतच उघडं पडतं.

आणि करप्ट झालंच तर? लगेच एफएससीके (fsck, फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञा) चालवू नका. आधी डीडीरेस्क्यू या साधनाने अख्ख्या कार्डाची इमेज (हुबेहूब नक्कल) काढा आणि दुरुस्ती त्या इमेजच्या प्रतीवर करा. डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या नोंदींत) एमएमसीच्या, म्हणजे कार्डाच्या, ओळीत -११० म्हणजे कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही, -८४ म्हणजे बहुधा वाटेत डेटा बिघडला; तेव्हा स्लॉट आणि वीजही तपासा. ओव्हरले बंद असताना फाइल डिलीट केली आणि रीस्टार्टनंतर ती पुन्हा हजर झाली, तर कार्डाने लिहिणं सोडलंय. डेटा काढून घ्या आणि ते तोडून टाका, नाहीतर ड्रॉवरमधून निघून ते पुन्हा कुठल्यातरी पायमध्ये जाऊन बसेल.